जन्माआधीच मैदानात उतरलेला देश



आपल्या या इतिहासाच्या गप्पांमध्ये आज लढाया, तह आणि राजघराणी थोडी बाजूला ठेवूया. आजचा विषय आहे खेळ. पण स्कोअरकार्ड वाचायला आपण बसलेलो नाही. मला आज एका वेगळ्याच प्रश्नाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. जो देश अजून जन्मालाच आलेला नाही, त्याचा संघ निवडायचा कसा?

प्रश्न विचित्र वाटेल, पण आपल्या बाबतीत तो खराखुरा पडला होता. १९११ साली ‘ऑल इंडिया’ या नावाचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. १९२० साली भारताचे धावपटू आणि मल्ल अँटवर्पच्या ऑलिंपिकला पोचले. १९२८ साली हॉकीत भारताला सुवर्णपदक मिळालं. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला. या सगळ्या काळात भारत नावाचं स्वतंत्र राष्ट्र जगाच्या नकाशावर नव्हतं. संविधान नव्हतं, लोकांनी निवडलेलं सरकार नव्हतं, अधिकृत झेंडाही आपला नव्हता. संघ मात्र होता.

बेनेडिक्ट अँडरसन नावाच्या अभ्यासकाने राष्ट्राला ‘कल्पित समुदाय’ म्हटलं आहे. कल्पित म्हणजे खोटा नव्हे. आपण एकमेकांना कधी भेटणार नसतो, तरी आपण एक आहोत असं मनात धरून चालतो, एवढाच त्याचा अर्थ. आता बडोद्यातल्या माणसाने मद्रासच्या माणसाला मनात कसं धरायचं? त्यासाठी काहीतरी डोळ्यांना दिसावं लागतं. माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे हे ‘दिसणं’ बऱ्याच अंशी मैदानावर घडलं. आणि म्हणूनच त्या कल्पनेत कोणाला घेतलं गेलं आणि कोणाला दाराबाहेर उभं केलं, हेसुद्धा मैदानावरच आधी दिसलं.

खेळ होते, पण ‘देशाचे’ नव्हते

थोडं मागे जाऊया. इंग्रज येण्याआधी आपल्याकडे खेळ नव्हते असं कोणी म्हणणार नाही. गावोगावी तालमी होत्या, लाल मातीचे हौद होते, जत्रेतल्या कुस्त्या होत्या. मल्लखांबाची परंपरा तर आपण दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपर्यंत नेऊन पोचवतो. पोरासोरांचे विटीदांडू, आट्यापाट्या, हुतूतू हे तर होतेच.

पण या खेळांचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. ते गावाचे होते, तालमीचे होते, वस्तादांचे होते, फार तर संस्थानाचे होते. मल्ल जिंकला की त्याच्या गावाचं नाव व्हायचं, त्याला पोसणाऱ्या राजाचं नाव व्हायचं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. तिथे लढणारा मल्ल ‘देशासाठी’ लढत नव्हता, कारण तशी भाषाच अजून रुळली नव्हती.

आणखी एक गंमत बघा. ज्याला आपण आज कबड्डी म्हणतो, तो महाराष्ट्रात हुतूतू होता, बंगालात हाडूडू, तमिळ मुलखात चेडुगुडू. दम धरून पलीकडच्या हद्दीत जायचं, गडी बाद करून परत यायचं, ही मूळ कल्पना सारखी. पण नावं वेगळी, नियम वेगळे. पुण्याचा संघ कलकत्त्याच्या संघाशी हुतूतू खेळायचा म्हटला, तर आधी नियमांवरच भांडण जुंपलं असतं. सगळ्यांना मान्य होईल अशी लेखी नियमावली आल्याशिवाय खेळ गावाची वेस ओलांडत नाही. देशाचंही तसंच असतं, नाही का?

समुद्राकाठचे जिमखाने

लेखी नियम असलेला खेळ आधी आला तो इंग्रजांबरोबर, आणि तो उचलला मुंबईच्या पारशांनी. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पण खेळायचं कुठे? मुंबईच्या मैदानाचा चांगला भाग गोऱ्यांच्या जिमखान्याकडे. उरलेल्या जागेत देशी पोरं खेळायची, तर तिथे साहेबांचे पोलोचे घोडे धावायचे आणि टापांनी जमीन उकरून टाकायचे. १८८०च्या दशकात देशी खेळाडूंनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. हा झगडा क्रिकेटचा होता, तसाच सार्वजनिक जागा कोणाची या प्रश्नाचाही होता.

पुढे पारशांचा संघ १८८६ साली इंग्लंडला गेला. २८ सामन्यांत जिंकला एकच. पण चारच वर्षांनी, १८९० साली, मुंबईला आलेल्या व्हर्ननच्या इंग्रज संघाला पारशांनी हरवलं. राज्यकर्त्याला त्याच्याच खेळात, त्याच्याच नियमांनी हरवता येतं, ही गोष्ट लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

तुम्ही मुंबईत मरीन ड्राइव्हवरून गेला असाल तर पारशी, इस्लाम आणि हिंदू असे जिमखाने एका रांगेत उभे दिसतात. १९व्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ते तिथे आले. ती रांग मी इतिहासाच्या दस्तऐवजासारखी वाचतो. समाजाचे तुकडे कसे पाडले गेले आणि आपणही ते कसे आनंदाने पाडून घेतले, हे त्या इमारती सांगतात. कारण संघ बनले ते धर्मावर. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७ साली हिंदू आले, स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ साली पाचवा संघ आला. त्याचं नाव होतं ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’. या उरलेल्यांकडे आपण नंतर वळणार आहोत. हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा.

१९११: एक वर्ष, दोन संघ

आता १९११ सालाकडे या. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

२९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शिल्ड जिंकली. अकरा जणांपैकी दहा अनवाणी खेळत होते. बूट घातलेली गोरी पलटण आणि अनवाणी बंगाली पोरं, हे चित्र लोकांच्या मनात कायमचं बसलं. वंगभंगाच्या आंदोलनाने बंगाल आधीच तापला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस वंगभंग रद्द झाला आणि राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणाही झाली. फुटबॉलच्या सामन्याने हे घडवलं असं मी म्हणणार नाही, तसा दावा भाबडा ठरेल. पण ‘बंगाली म्हणजे दुबळा’ हा जो शिक्का इंग्रजांनी मारला होता, तो त्या दिवशी मैदानावर पुसला गेला.

त्याच उन्हाळ्यात तिकडे इंग्लंडमध्ये ‘ऑल इंडिया’ संघ खेळत होता. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग, वय जेमतेम एकोणीस-वीस. संघात पारशी, हिंदू, मुसलमान, शीख सगळे. आणि त्यातच दोन सख्खे भाऊ, पळवणकर बाळू आणि पळवणकर शिवराम. संघाने एकूण २३ सामने खेळले, ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. महाराजांचं लक्ष खेळापेक्षा दरबारी मेजवान्यांकडे जास्त होतं. पण एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तो होता बाळू.

चहाची मातीची भांडी

बाळूंची कथा सांगितल्याशिवाय हा विषय पुढे नेताच येत नाही. त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजात १८७६च्या सुमारास त्यांचा धारवाडला जन्म झाला. वडील लष्करी नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. आधी पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायचं काम, पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तिथे रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास चेंडू टाकून घ्यायचा. बाळूंच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबाने करायची आणि घाम गाळून चेंडू टाकायचा तो चाकराने, असा तो हिशेब होता.

बाळूंची ख्याती पुण्याच्या हिंदू संघापर्यंत गेली. संघाला इंग्रजांना हरवायचं होतं, आणि ते बाळूंशिवाय शक्य नव्हतं. तेव्हा त्यांना घेतलं. कसं घेतलं, तेही ऐका. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता, त्याचा विटाळ नव्हता. पण चहापानाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळूंना बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून चहा. जेवणही वेगळं.

या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो. ‘आपण’ या शब्दाची हद्द किती, हे त्या मातीच्या भांड्याइतकं स्पष्ट कुठल्याच ठरावात लिहिलेलं नाही. विजयापुरते ‘आपण’ एक, चहापुरते वेगळे.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. पण संघाचं नेतृत्व देण्याची वेळ आली की उच्चवर्णीय माणूसच सापडायचा. १९२० साली कर्णधारपदावरून वाद पेटला आणि भावांनी अन्यायाविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, संघातून माघार घेतली. अखेर १९२३ साली तिसरे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि युरोपियनांना हरवून त्यांनी चषक आणला. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. याच विठ्ठलरावांनी पुढे मराठीत ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं.

पहिल्या सरावापासून या कर्णधारपदापर्यंत जवळजवळ तीन दशकं गेली, आणि तीही चार भावांच्या मिळून. प्रतिभा सिद्ध करायला नव्हे, ती तर पहिल्याच षटकात सिद्ध झाली होती. एवढा वेळ लागला तो आपल्याच माणसांना आपली माणसं म्हणायला.

पुढचा धागा आणखी गुंतागुंतीचा आहे. १९३७ सालच्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना उभं केलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. एका बाजूला, खेळातून मान मिळवत मोठ्या समाजात सामील होऊ पाहणारा माणूस. दुसऱ्या बाजूला, हा मान मागून मिळत नाही, हक्क म्हणून मिळवावा लागतो असं सांगणारा माणूस. दोघेही एकाच अन्यायातून आलेले. राष्ट्राची कल्पना कोणत्या वाटेने पुरी होईल, हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर होता असं मला वाटतं.

पुणे ते अँटवर्प

आता जरा वेगळ्या मैदानावर जाऊया. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झाला. तिथल्या शर्यती पाहायला सर दोराबजी टाटा आले होते. धावणारी पोरं शेतकऱ्यांच्या घरातली, अनवाणी, ना प्रशिक्षक ना खुराक. पण त्यांच्या वेळा घड्याळात पाहिल्यावर त्या युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या निघाल्या. दोराबजींच्या मनात आलं, ही पोरं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? गव्हर्नरांशी बोलणं झालं, आंतरराष्ट्रीय समितीकडे शब्द टाकला गेला, आणि दोराबजींनी स्वतःच्या पदरचे पैसे घातले.

१९२० साली हा छोटासा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटांत संपवली आणि ते १९वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे पदकाच्या अगदी जवळ, चौथ्या स्थानापर्यंत पोचले.

याआधी १९०० साली पॅरिसमध्ये कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं मिळवली होती आणि ती आज भारताच्या खात्यावर आहेत. पण तो एकटा गेला होता. देशाचं नाव घेऊन, निवड करून, वर्गणी जमवून पाठवलेला संघ हा अँटवर्पचाच. वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्याला गणपतीची वर्गणी माहीत आहे. देशाचीही सुरुवात अशीच, काही जणांच्या खिशातून झाली.

आपले खेळ, आपले नियम

याच सुमारास दुसराही एक विचार जोर धरत होता. साहेबाच्या खेळात साहेबाला हरवणं ठीक, पण आपल्या खेळांचं काय? हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांना नियम द्या, मैदानाची मापं ठरवा, पंच नेमा. पुण्यात डेक्कन जिमखान्याने हे काम हाती घेतलं. बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने घेतलं. खो-खोला खांब आले, वेळ ठरली. हुतूतूचे गडी ठरले, हद्दी आखल्या गेल्या.

बडोद्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तिथल्या जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झालेले त्यांचे शिष्य म्हणजे प्रोफेसर माणिकराव. मुसलमान वस्ताद आणि मराठी हिंदू शिष्य. मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावरून वेगळे होत होते, त्याच काळात हा शिष्य आपल्या गुरूचं नाव व्यायामशाळेला देऊन चालवत होता. तालमीची संस्कृती सगळीकडे इतकी मोकळी होती असं नाही. पण वस्तादाचा धर्म विचारायची पद्धत मातीत कमी होती, एवढं खरं.

विदर्भात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर मोठीच मजल मारली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथे गेलं आणि त्याने जगासमोर मल्लखांब, कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. ज्या हुतूतूला गावाची वेस ओलांडता येत नव्हती, तो नाव बदलून, नियम घेऊन बर्लिनला पोचला. त्यात काही गमावलंही. हाडूडू आणि चेडुगुडू ही नावं मागे पडली, स्थानिक नियम विसरले गेले. एक देश घडताना अनेक गावठी रूपं अशीच विरत जातात. हा सौदा पूर्ण फायद्याचा नसतो, हे इतिहास सांगणाऱ्याने लपवू नये.

हॉकी आणि एका खोलीतला झेंडा

१९२८ साली हॉकीचा संघ मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅमला निघाला तेव्हा बंदरावर निरोप द्यायला जेमतेम तीन माणसं होती. संघ पाच सामने खेळला, २९ गोल केले आणि एकही गोल अंगावर घेतला नाही. अंतिम सामन्यात यजमान हॉलंडला ३-० हरवलं. परत आल्यावर त्याच बंदरावर गर्दी उसळली. ‘देश’ ही गोष्ट किती झटकन जागी होते, बघा.

हा संघ कोणाचा होता? बरेच खेळाडू अँग्लो-इंडियन. ध्यानचंद फौजेतला साधा शिपाई. कर्णधार जयपाल सिंग, छोटा नागपूरचा मुंडा आदिवासी, ऑक्सफर्डला शिकलेला. खेळण्यासाठी रजा मिळेना, तेव्हा त्याने आयसीएसच्या नोकरीवर पाणी सोडलं. हेच जयपाल सिंग पुढे संविधान सभेचे सदस्य झाले आणि आदिवासींच्या हक्कांसाठी ठामपणे बोलले. भारताच्या पहिल्या सुवर्णपदक विजेत्या संघाचा कर्णधार आणि संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारा नेता हा एकच माणूस होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत असायला हवी.

आता १९३६. बर्लिनला येताच सरावाच्या सामन्यात जर्मनांनी भारताला ४-१ असं हरवलं होतं. अंतिम सामना पुन्हा त्यांच्याशीच. सामना १४ तारखेला होता, पावसामुळे एक दिवस पुढे गेला. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये काळजीत बसलेले. तेव्हा संघाबरोबर गेलेल्या पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. सगळ्यांनी त्याला वंदन केलं आणि मग ते मैदानात उतरले. ध्यानचंदने आपल्या आत्मचरित्रात ही आठवण नोंदवली आहे. तो ब्रिटिशांच्या फौजेत नोकरीला होता हे लक्षात घेतलं, तर बंद दारामागच्या त्या वंदनाचं मोल कळतं. भारताने जर्मनीला ८-१ असं हरवलं.

तारीख होती १५ ऑगस्ट. बरोबर ११ वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात दैवी संकेत शोधू नका. पण ते वंदन योगायोग नव्हतं.

‘उरलेल्यां’मधला मराठी माणूस

आता मघाचा शब्द आठवा, ‘रेस्ट’. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत जो हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, युरोपियन नाही, तो या ‘उरलेल्यां’त. विजय हजारे सांगलीचे, मराठी, धर्माने ख्रिस्ती. म्हणून ते ‘रेस्ट’कडून खेळायचे. ज्या मातीत वाढले, ज्या भाषेत बोलले, तिचा हिशेब नाही. देवाच्या नावावरून रांग ठरली, आणि त्या रांगेत त्यांचं नाव ‘उरलेले’.

१९४३ सालच्या हंगामातल्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध रेस्टची धावसंख्या होती ३८७. त्यातल्या ३०९ धावा एकट्या विजय हजारेंच्या. भाऊ विवेक हजारेंबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली, त्यात विवेकच्या धावा २१. संघ हरला, पण ती खेळी विसरणं अशक्य झालं.

या स्पर्धेला विरोधही वाढत होता. १९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी सल्ल्यासाठी वर्ध्याला गांधीजींकडे गेली, तेव्हा धर्मावरून संघ पाडणं आपल्याला मंजूर नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लोकप्रियता मात्र अफाट होती. ब्रेबॉर्न स्टेडियम भरून जायचं, पैसा यायचा. शेवटी १९४६ साली ही स्पर्धा कायमची बंद झाली.

तिची जागा घ्यायला एक स्पर्धा आधीच उभी होती, १९३४ साली सुरू झालेली रणजी करंडक स्पर्धा. तिथे संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, इंदूरचा होळकर संघ. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने ओळीने दोनदा करंडक जिंकला. होळकरांच्या संघाने तर चार वेळा, आणि त्यांचा आधारस्तंभ होते नागपूरहून इंदूरला गेलेले सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार. हजारे बडोद्याकडून खेळू लागले. म्हणजे ‘उरलेला’ माणूस एका जागेचा झाला. वरवर हा फक्त स्पर्धेच्या रचनेतला बदल वाटतो. पण ‘तुझा धर्म कोणता’ याऐवजी ‘तू कुठे राहतोस’ हा प्रश्न विचारायला लागणं, ही राष्ट्राच्या कल्पनेतली मोठी उडी होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे राहिलात तिथले झालात आणि मराठीही राहिलात.

फाळणी आणि १९५२

ही उडी पुरी पडली का? पूर्ण नाही. १९३६च्या त्या अंतिम सामन्यात भारताकडून खेळलेले अली दारा १९४८ साली लंडनला पाकिस्तानचे कर्णधार होते. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताने १२ ऑगस्टला ब्रिटनला त्यांच्याच घरी ४-० असं हरवून सुवर्ण जिंकलं. अखेर आपला झेंडा उघडपणे वर चढला, पण ज्या खोलीत तो आधी लपून वंदिला गेला होता, तिथले सगळे जण आता त्याच्या खाली नव्हते.

मग येतं १९५२. फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार विजय हजारे. कालचा ‘उरलेला’ आज सगळ्यांचा कर्णधार. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा गावाने वर्गणी काढली, आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवलं. म्हणजे बघा, १९२०ची वर्गणी १९५२लाही चालूच होती. देश स्वतंत्र झाला होता, पण आपल्या मल्लाचा खर्च उचलण्याइतका तो अजून त्याचा झाला नव्हता.

आणि त्याच हेलसिंकीला नीलिमा घोष, मेरी डिसूझा, डॉली नाझीर आणि आरती साहा या चौघी भारताकडून उतरल्या. एवढा वेळ मी तुम्हाला जी नावं सांगत आलो, त्यांत एकही बाई नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हा माझ्या निवडीचा भाग नाही, त्या इतिहासाचाच भाग आहे. जन्माआधी कल्पिलेल्या देशाच्या संघात अर्धी लोकसंख्या जवळजवळ धरलेलीच नव्हती.

मग यातून घ्यायचं काय?

खेळाने देश जोडला, असं आपण भाषणांत सहज म्हणून जातो. हे अर्धंच खरं आहे. खेळाने देश दाखवला, असं म्हणणं जास्त बरोबर. जसा होता तसा. त्यातला पराक्रम दाखवला, तसं ते मातीचं भांडंही दाखवलं. संघ निवडताना आपोआप एक यादी तयार होते, आणि प्रत्येक यादीला एक बाहेरची बाजू असते. बाळू, जयपाल सिंग, हजारे, खाशाबा ही सगळी माणसं त्या बाहेरच्या बाजूकडून आत आली. कोणी दार उघडून बोलावलं नाही, त्यांनी दार आपल्या कामगिरीने इतकं खिळखिळं केलं की ते बंद ठेवणं अवघड झालं.

म्हणून पुढच्या वेळी तुम्ही एखादा सामना बघाल, टीव्हीवर किंवा गावच्या मैदानावर, तेव्हा जरूर ओरडा, टाळ्या वाजवा, मीही वाजवतो. फक्त सोबत तीन साधे प्रश्न विचारून बघा. हा खेळाडू इथवर कोणाच्या पैशाने आला? याच्यासारखा कोण अजून बाहेर उभा आहे? आणि सामना संपल्यावर सगळे एकाच कपातून चहा पितात का?

या तीन प्रश्नांची उत्तरं जिथे सापडतील, तिथे तुम्हाला देशाची आजची हद्दही सापडेल. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.